बाळाच्या श्वासाला आवाज येतोय? आत घेताना की बाहेर सोडताना, ते आधी पाहा

केज तालुक्यातल्या वस्त्यांवर लहान मुलाच्या श्वासाला आवाज यायला लागला की घरातून ठरावीक शब्द ऐकू येतात. 'छाती भरली', 'डबा झाला', 'घरघर लागली'. शब्द वेगवेगळे असले तरी पुढचा क्रम बहुधा एकच असतो. आधी बिब्बा किंवा धुरी, मग मेडिकलमधून खोकल्याची बाटली, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर दवाखाना. आम्ही वस्त्यांवर काम करतो, त्यामुळे हा क्रम वारंवार पाहतो. त्यातली अडचण अशी की आवाज करणारं प्रत्येक मूल धोक्यात नसतं, आणि जे धोक्यात असतं त्याच्याकडे दोन दिवस नसतात. कधी कधी दोन तासही नसतात. या दोघांमधला फरक घरातल्या माणसाला ओळखता येतो. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही, पण काय पाहायचं ते कुणीतरी सांगावं लागतं.

आधी आवाज का येतो ते पाहू. नवजात बाळाच्या श्वासाच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा स्वरयंत्राच्या जरा खाली असते आणि ती जेमतेम चार-पाच मिलिमीटरची असते. सर्दीमुळे तिथे चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर चार मिलिमीटरची वाट दोन मिलिमीटरची होते. वाट निम्मी झाली म्हणजे जोर दुप्पट लागत असेल, असं आपल्याला वाटतं. पण नळीचं गणित तसं नाही. हवा अगदी संथ वाहते असं धरलं तरी अडथळा सोळा पट वाढतो. तीच सूज आठ मिलिमीटरच्या वाटेत आली तर अडथळा साधारण तिप्पट होतो. ज्या सर्दीत आपला नुसता घसा बसतो, त्याच सर्दीत तान्हं बाळ श्वासासाठी झगडू लागतं, त्याचं कारण हे. शेतात ठिबकची नळी थोडीशी चोंदली तरी पाणी किती कमी होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

शिवाय पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्यामुळे नाकात घट्ट शेंबूड साचला तरी खोलीभर आवाज घुमतो. असं बाळ नीट दूध पीत असेल, खेळत असेल, आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या सलाइनच्या थेंबांनी नाक मोकळं झाल्यावर आवाज थांबत असेल, तर घाबरायचं कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्यातल्या अनेकांनी विहारात किंवा शिबिरात आनापान केलेलं आहे. श्वास आत येतोय तर आत येतोय, बाहेर जातोय तर बाहेर जातोय, एवढंच जाणायचं. हीच सवय आजारी मुलाच्या उशाशी बसून वापरायची. मुलाचा सदरा वर करा, छाती-पोट उघडं ठेवा, मोबाइल-टीव्ही बंद करा आणि मिनिटभर फक्त पाहा. छाती फुगताना आवाज येतो की बसताना?

आत घेताना कर्कश, घोगरा, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर अडथळा वर आहे, म्हणजे घशात किंवा स्वरयंत्रापाशी. बाहेर सोडताना 'सुईसुई' वाजत असेल, तर अडथळा खाली छातीतल्या बारीक नळ्यांत आहे, म्हणजे दमा किंवा लहान बाळांचा नळ्या सुजण्याचा आजार. याचं कारण सोपं आहे. कागदी नळीने थंड पेय जोरात ओढलं की नळी आत चपटी होते. छातीच्या बाहेरची, म्हणजे गळ्यातली वाट श्वास ओढताना तशीच आवळते. छातीच्या आतल्या नळ्यांचं उलट आहे, त्या श्वास सोडताना दाबल्या जातात. आणि आत-बाहेर दोन्ही वेळा आवाज येत असेल तर अडथळा मोठा आहे असं समजून तडक निघायचं. झोपेतलं घोरणं आणि घशातल्या कफाची घरघर हे आणखी वेगळे आवाज. त्यांच्याकडे पुढे येऊ.

एक फसवी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आवाज मोठा म्हणजे धोका मोठा आणि आवाज कमी झाला म्हणजे आराम पडला, असं नसतं. आवाज यायला हवा जोरात आत-बाहेर व्हावी लागते. दमलेल्या मुलाची ताकद संपली की हवा कमी जाते आणि आवाजही कमी होतो. 'आत्ता शांत झालाय, झोपू द्या' असं म्हणण्याआधी मुलाच्या छातीकडे पाहायलाच हवं. बरगड्यांखाली, बरगड्यांच्या मध्ये किंवा गळ्याखालच्या खळगीत खड्डे पडत असतील, नाकपुड्या फुलत असतील, मूल दूध सोडत असेल, लाळ गिळता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा ते सुस्त झालं असेल, तर ती शांतता आरामाची नसते. श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, तर दवाखाना गाठायचा. आशाताईंना हे आकडे पाठ असतात. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही आलं आहे, पण वरच्या अडथळ्यात त्याच्यावर विसंबू नये. त्यावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो आणि मग एकदम घसरतो.

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत श्वास आत घेताना आवाज सुरू झाला, तर सर्वांत जास्त वेळा कारण निघतं ते स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असण्याचं. श्वास ओढला की तो लुसलुशीत भाग आत ओढला जातो आणि वाजतो. बाळ उताणं असताना, रडताना, दूध पिताना आवाज वाढतो. काही महिने तो वाढतच जातो, आणि इथेच घरच्यांचा धीर सुटतो. पण दीड-दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचा तो आपोआप जातो. यात घरच्यांनी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची, ती म्हणजे वजन. अंगणवाडीतल्या तक्त्यावर वजनाची रेघ वर चाललीय तोवर थांबता येतं. रेघ आडवी झाली, दूध पिताना बाळ दमून सोडून देऊ लागलं, श्वास मध्येच थांबू लागला किंवा निळेपणा आला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. थोड्या मुलांना छोटी शस्त्रक्रिया लागते. अशा बाळाला 'डबा' म्हणून महिन्यातून दोनदा इंजेक्शनं देणं म्हणजे नसलेल्या आजारावर उपचार.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचं वेगळं. संध्याकाळी साधी सर्दी असते आणि मध्यरात्री मूल कुत्रं भुंकावं तसं खोकत उठतं, आवाज घोगरा झालेला असतो, श्वास ओढताना कर्कश वाजतं. विषाणूमुळे स्वरयंत्राखाली आलेली ही सूज असते. यावर डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध डॉक्टर वजन पाहून देतात, बहुधा एकच मात्रा. सूज फार असेल तर वाफाऱ्याच्या यंत्रातून ॲड्रेनॅलिन देतात. गावात मात्र चमचा घालून घसा पाहणं, पडजीभ बोटाने दाबणं, मुलाला आडवं करून औषध पाजणं असे प्रकार चालतात. त्यातलं काहीही करू नये. रडल्याने श्वास जोरात ओढला जातो आणि अरुंद वाट आणखी आवळते. मुलाला आईच्या मांडीवर, त्याला बरं वाटेल तसं बसू द्यावं आणि तसंच दवाखान्यात न्यावं. उकळत्या पाण्याची वाफही देऊ नये. तिने सूज उतरत नाही आणि भाजण्याचा धोका असतो. आणि खोकल्याची बाटली तर घसा रुंद करूच शकत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची मुलं विषारी खोकल्याच्या औषधाने दगावली, त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणलं होतं. लहान मुलाला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय बाटली पाजायची नाही, एवढं तरी त्यातून घ्यावं.

आता आपल्या तालुक्यात ज्याची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते त्याबद्दल. शेंगदाणा. त्यासोबत फुटाणा, सुपारीचं खांड, चिंचोका, बोराची बी आणि आपल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या सीताफळाची बी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या मागच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात. ते दाण्याचे तुकडे करतं, पण बारीक चावू शकत नाही. हसता-रडता-पळता दाणा श्वासनळीत जातो. जोराचा ठसका लागतो, मूल लालबुंद होतं, आणि मग बहुतेकदा सगळं शांत होतं. दाणा वरून सरकून छातीतल्या एका बाजूच्या नळीत बसलेला असतो, जास्त करून उजव्या. घरच्यांना वाटतं गेला बाहेर किंवा पोटात. पुढे दाणा ओलाव्याने फुगतो, तेलामुळे आसपास सूज येते, आणि आठवड्या-पंधरवड्याने ताप, खोकला, सुईसुई सुरू होते. एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही, आणि सुरुवातीला काढलेला फोटो पूर्ण चांगलाही येऊ शकतो. मग न्यूमोनिया, दमा, टीबी अशी एकेक औषधं होत राहतात. एकाच बाजूचा न्यूमोनिया परत परत होत असेल तर दुर्बीण घालून पाहायला हवं, हे डॉक्टरांना सुचतं ते एका वाक्याने: 'त्या दिवशी याला खाताना ठसका लागला होता.'

पण ते वाक्य सांगणार कोण? आमच्या मते इथे वैद्यकाचा प्रश्न संपतो आणि समाजाचा सुरू होतो. ऊसतोडीच्या हंगामात आई-बाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात. कोपीत धाकट्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण असते. ठसका लागला तेव्हा पाहणारी ती एकटीच. दाणे तिनेच रडू नये म्हणून दिलेले असतात, आणि मार बसेल या भीतीने ती बोलत नाही. त्या मुलीला न रागावता, जवळ घेऊन विचारा. तिची साक्ष एक्स-रेपेक्षा मोलाची ठरते. आणि तिच्यावर ही जबाबदारी का आली, हेही विचारा. उचल कुणी दिली, किती दिली, फडाजवळ पाळणाघर का नाही, तिची शाळा कुठे गेली, या प्रश्नांची उत्तरं त्या लेकराकडे नाहीत, मुकादम आणि कारखान्यांकडे आहेत.

घरात करता येण्यासारखं सोपं आहे. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा द्यायचा नाही, कूट करून द्यायचा. मूल बसवूनच खायला घालायचं. आणि ठसका लागलाच तर: मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या, तेच सर्वांत चांगलं औषध. आवाजच निघत नसेल, श्वास येत नसेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापट्या मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. एक वर्षावरच्या मुलाला वाकवून पाठीवर पाच थापट्या, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर पाच झटके. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, दाणा आणखी आत जातो. कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावलेला असावा. मूल बेशुद्ध पडलं तर छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं सुरू करावं लागतं. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात चालवून शिकावं लागतं. विहारांतल्या रविवारच्या बैठकीत एक तास यासाठी दिला तर तो वाया जाणार नाही.

घटसर्पाबद्दल थोडं. शेतकरी माणसाला हा शब्द गुरांमुळे माहीत आहे, पावसाळ्याआधी जनावरांना त्याची लस टोचतात. मुलांचा घटसर्प निराळा, जंतू निराळा. नाव एकच पडलं, कारण दोन्हींत गळा सुजतो आणि श्वास कोंडतो. मुलांच्या घटसर्पात घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरतो, ओढून काढायला गेलं तर रक्त येतं, मान बैलासारखी सुजते आणि जंतूचं विष हृदयावर जातं. यावर गुण देणारी रक्तद्रव्याची लस शोधल्याबद्दल जर्मनीच्या बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. म्हणजे उपाय सव्वाशे वर्षं जुना आहे. तरीही जगातल्या घटसर्पाच्या रुग्णांत भारताचा वाटा फार मोठा राहिला आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी बहुतेक मुलांना मिळतात, कारण तेव्हा आई बाळंतपणासाठी घरीच असते. चुकतात ते पुढचे डोस: सोळा ते चोवीस महिन्यांमधला, मग पाच वर्षांचा, मग दहा आणि सोळा वर्षांचा. दसरा-दिवाळीनंतर कुटुंब कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात असतं आणि कार्ड केजच्या घरात पत्र्याच्या पेटीत. पहिल्या डोसांचं संरक्षण वर्षं जातील तसं कमी होतं, म्हणून हे पुढचे डोस शोभेचे नाहीत. लस देशात कुठेही सरकारी केंद्रात फुकट मिळते. कार्ड सोबत न्यायचं आणि फडाच्या गावातल्या आशाताईला दाखवायचं.

घोरणाऱ्या मुलांकडे तर कुणी आजार म्हणून पाहतच नाही. चार ते आठ वर्षांचं मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल, तर नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. अशा मुलाची झोप होत नाही. ते वर्गात पेंगतं, चिडतं, अंथरूण ओलं करतं, आणि शिक्षक त्याला 'मठ्ठ' ठरवून मागच्या बाकावर बसवतात. आपल्या मुलांना मागच्या बाकावर बसवायला लोकांना कारणं कमी पडत नाहीत. त्यात हे एक बरं होण्यासारखं कारण तरी राहू नये. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला 'हा रोज घोरतो' एवढं सांगितलं तरी पुढची चिठ्ठी मिळू शकते.

राहिला बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. छाती-पोटावर त्याचे डाग दिल्याने आतली सूज तसूभरही उतरत नाही. वेदनेने मूल जास्त रडतं, जास्त हवा ओढतं आणि जास्त गुदमरतं. अंघोळीनंतर नाकात तेल सोडणंही तसंच. ते तेल फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. ओवा-लसणाच्या टरफलांची धुरी अरुंद वाटेत धूर कोंबते. हे बोललं की घरातल्या आजींना राग येतो, आणि तो राग आम्हाला कळतो. ज्या काळात गावकुसाबाहेरच्या माणसाला वैद्य हात लावत नव्हता, त्या काळात बिब्बाच हाताशी होता. खुद्द बाबासाहेब आणि रमाईंची चार मुलं लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव जगले. पण १९५६ नंतर देव्हारे उतरवलेल्या घरांत बिब्बा मात्र तसाच राहिला, हेही खरं आहे. आजींना दोष देऊन तो सुटणार नाही. रात्री दोन वाजता दवाखान्यात नेण्याची सोय असेल तर सुटेल.

ती सोय थोडीफार आहे, ती नीट वापरावी. केजचं उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे ऑगस्ट २०२३ पासून उपचारांना शुल्क नाही. दुर्बीण लागेल, घशात नळी घालावी लागेल अशा मुलासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. नांदूरघाट, विडा, आडस अशा गावांतून रात्री निघताना दुचाकीवर मुलाला दोघांच्या मध्ये दाबून नेऊ नये, १०८ मागवावी. तिच्यात ऑक्सिजन असतो.

आणि डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते वाटेतच ठरवावं. विनयपिटकातल्या महावग्गात भगवंतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केल्याचा प्रसंग आहे. त्याच ठिकाणी कोणत्या रुग्णाची सेवा करणं सोपं जातं, हेही सांगितलं आहे. त्यात एक गुण असा की तो आपला आजार आहे तसा सांगतो, वाढतोय, कमी होतोय की तसाच आहे ते सांगतो. लहान मूल हे सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण सांगायचं. आवाज कधी सुरू झाला, अचानक की हळूहळू. आत घेताना येतो की सोडताना. उताणं असताना वाढतो का. ताप आधी की आवाज आधी. खाताना ठसका लागला होता का. दूध पितोय का. कोणत्या लसी झाल्या. जमलं तर मोबाइलवर छाती उघडी ठेवून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढावा. रात्री येणारा आवाज सकाळी दवाखान्यात नेमका गायब असतो, आणि डॉक्टर काही नाही म्हणून परत पाठवतात. तो व्हिडिओ दाखवला की तपासणी पुढे सरकते.

यंदा टोळ्या निघायच्या आधी आम्ही वस्त्यांवर लसीकरणाची कार्डं तपासायला येणार आहोत. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंच्या नोंदवहीतून नवं करून घेता येतं. ज्या मुलीच्या हाती धाकटं भावंड राहणार आहे, तिलाही त्या वेळी सोबत बसवा. पाठीवर थापट्या कशा मारायच्या हे आम्हाला आधी तिला दाखवायचं आहे.